स्टार्ट मेनू : किल्ली की सूची?

संगणकाच्या क्षेत्रात एक चमत्कारिक मागणी गेली अनेक वर्षे सातत्याने होत आली आहे. माणसे नवा संगणक घेतात, त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि पहिल्याच आठवड्यात ती विचारू लागतात, 'याचा मेनू पूर्वीसारखा करून मिळेल का हो?' ही मागणी एवढी मोठी होती की, जुना मेनू परत आणून देणे एवढ्या एकाच कामासाठी लोकांनी स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहिली आणि जगभर ती वापरली गेली. जाणकार मंडळी या प्रकाराकडे थोड्या थट्टेनेच पाहतात. 'माणसाला बदल नको असतो' असे म्हटले की विषय संपतो.

तो तितक्यावर संपू नये असे मला वाटते. जुना मेनू हवा असण्यामागे सवयीचा भाग आहेच, पण त्याखाली दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे : ज्याला एखाद्या वस्तूचे नाव ठाऊक नाही, त्याने ती वस्तू शोधायची कशी?

हा प्रश्न आलापल्लीसारख्या गावी अधिक ठळक होतो. अहेरी तालुक्यातले हे गाव सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध. येथील एका वर्गात माडिया, तेलुगू आणि मराठी अशा तीन घरभाषांची मुले शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. शाळेतले संगणकही बहुधा एका वेळी आलेले नसतात. एखादा शासकीय योजनेतून, एखादा देणगीतून, एखादा कोणा कार्यालयाने बदलून टाकलेला. त्यामुळे एकाच खोलीत तीन पिढ्यांचे मेनू नांदतात. शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेला क्रम पहिल्या संगणकावर चालतो, दुसऱ्यावर अर्धा चालतो आणि तिसऱ्यावर अजिबात चालत नाही. अशा वेळी मुलाला वाटते की चूक आपली आहे. ती चूक नेमकी कोणाची, हे तपासणे हा या लेखाचा हेतू.

मेनूचा जन्म

आधी थोडा इतिहास पाहू. पडद्यावर चित्रे, खिडक्या आणि मेनू दाखवून माऊसने काम करायचे, ही पद्धत अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात विकसित झाली. १९८४ साली आलेल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशने ती सामान्य माणसापर्यंत नेली. त्यापूर्वी संगणकाला आज्ञा द्यायची तर ती अक्षरशः पाठ असावी लागे आणि एक अक्षर चुकले तरी यंत्र अडून बसे. मेनूने हा भार हलका केला. काय काय करता येते याची यादीच समोर आली. माणसाने ती वाचायची आणि त्यातून निवडायचे.

मायक्रोसॉफ्टने २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आणली आणि तिच्यासोबत स्टार्ट मेनू आला. तो कोणाच्या लहरीतून निघालेला नव्हता. कंपनीने निरनिराळ्या अनुभवाच्या माणसांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांना साधी कामे देऊन, ती कुठे अडतात याची निरीक्षणे केली होती. आधीच्या मांडणीत एखादा प्रोग्राम सुरू करणे हेच नवशिक्याला जड जाते, असे दिसून आले. पहिल्या आराखड्यात पडद्याच्या तळाशी तीन वेगळी बटणे होती. चाचण्यांनंतर ती एकत्र करून एकच बटण ठेवले आणि त्यावर 'स्टार्ट' हा शब्द लिहिला. संगणक सुरू झाल्यावर रिकामा पडदा पाहून माणूस गोंधळू नये म्हणून 'सुरुवात येथून करा' अशा अर्थाचा एक बाणही त्या बटणाकडे सरकत जाई.

या मेनूची रचना झाडासारखी होती. स्टार्टमध्ये प्रोग्राम्स, प्रोग्राम्समध्ये अ‍ॅक्सेसरीज, अ‍ॅक्सेसरीजमध्ये पेंट, नोटपॅड, कॅल्क्युलेटर. खोडापासून फांदीकडे आणि फांदीपासून पानाकडे. महाराष्ट्रात २००१ पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि असंख्य शिक्षक त्यातून संगणक शिकले. त्या वर्गांत ज्यांनी विंडोज ९८ किंवा एक्सपीवर हात बसवला, त्यांच्या बोटांत हे झाड आजही आहे.

हळूहळू काढून घेतलेला पर्याय

पुढे काय झाले ते वर्षवार मांडणे उपयुक्त ठरेल. २००१ साली विंडोज एक्सपीने मेनू दोन स्तंभांचा केला, पण ज्याला नको असेल त्याला जुना मेनू निवडता येत होता. २००७ च्या व्हिस्टातही तो पर्याय शाबूत होता. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तो काढून टाकला. त्याच वर्षी इव्हो बेल्त्चेव्ह या प्रोग्रामरने 'क्लासिक शेल' हे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. जुना मेनू नव्या यंत्रात बसवणे हे त्याचे काम.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आली आणि स्टार्टचे बटणच नाहीसे झाले. त्याजागी रंगीत फरशांनी भरलेला अख्खा पडदा आला. हवा तो प्रोग्राम शोधायचा तर त्या पडद्यावर नुसते टंकायला सुरुवात करायची, पण तेथे टंकता येते हे सांगणारी एक चौकटसुद्धा दिसत नव्हती. ओरड झाली. २०१३ साली ८.१ मध्ये बटण परतले, मेनू मात्र परतला नाही. तो २०१५ साली विंडोज १० मध्ये, फरशा सोबत घेऊन, आला. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये बटण कोपऱ्यातून निघून मधल्या जागी गेले. मुख्य मेनूत मोजक्या चित्रांची जाळी आणि 'शिफारसी' आल्या. सर्व प्रोग्रामांची यादी एका बटणामागे गेली आणि ती इंग्रजी वर्णानुक्रमाने लावली गेली. २०२५ च्या उत्तरार्धात हे प्रोग्राम गटवार दाखवण्याची सोय आली, पण गट कोणते आणि कशात काय, हे वापरणाऱ्याने नव्हे, सिस्टिमने ठरवायचे. तीस वर्षांच्या प्रवासानंतर निर्माते पुन्हा गटांपाशी आले, ही गोष्ट बोलकी आहे.

हे एका कंपनीपुरते घडले असे समजू नये. लिनक्सच्या जगात एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप आला आणि त्याने आपला जुना मेनू मोडीत काढला. तेथे मूळ प्रोग्राम सर्वांना खुला असल्यामुळे वेगळेच घडले. अर्जेंटिनातील एका प्रोग्रामरने जुन्या ग्नोमची प्रत घेऊन 'माते' हा डेस्कटॉप सुरू केला. लिनक्स मिंटच्या मंडळींनी 'सिनॅमन' हा स्वतःचा डेस्कटॉप रचला. दोन्ही आजही चालू आहेत. एकीकडे वापरणाऱ्यांनी विनंत्या केल्या, दुसरीकडे त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली, एवढाच काय तो फरक.

ओळखणे आणि आठवणे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नव्या मांडणीचे समर्थक म्हणतात, मेनूत शोधत कशाला बसायचे? नाव टंका, प्रोग्राम हजर. हे म्हणणे वरकरणी बिनतोड आहे. ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यासाठी ही पद्धत खरोखरच वेगवान आहे. प्रश्न आहे तो ज्याला ते ठाऊक नाही त्याचा.

वनस्पतींचे वर्गीकरण शिकवणाऱ्याला हा फरक चांगला परिचयाचा असतो. एखाद्या प्रदेशातील वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथाला फ्लोरा म्हणतात. त्याच्या शेवटी नावांची सूची असते आणि आत ओळखीची किल्ली असते. सूची वर्णानुक्रमाने लावलेली. ती उपयोगी पडण्यासाठी नाव आधी माहीत पाहिजे. किल्लीचे तसे नाही. हातात पान असले की पुरे. पाने समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असून मोठी आणि खरखरीत असतील तर सागाकडे वळा. फांदीच्या टोकाशी गुच्छाने असून देठ तोडल्यावर चीक येत असेल तर मोहाकडे वळा. पानाच्या मागच्या बाजूला देठाजवळ गाठीसारख्या ग्रंथी असतील तर ऐनाचा विचार करा. प्रत्येक पायरीवर प्रश्न विचारला जातो आणि उत्तर समोरच असते. विद्यार्थी एकही लॅटिन नाव न जाणता योग्य झाडापर्यंत पोहोचतो आणि जाता जाता झाडांचे गट कसे पडतात हेही शिकतो.

जुना मेनू म्हणजे किल्ली होती. शोधचौकट म्हणजे सूची आहे. पहिलीत आपण ओळखतो, दुसरीत आपल्याला आठवावे लागते. ओळखणे हे आठवण्यापेक्षा सोपे असते, हे मानसशास्त्रातील जुने आणि भक्कम निरीक्षण आहे. आपली सर्व पर्यायी उत्तरांची प्रश्नपत्रिका याच तत्त्वावर उभी आहे.

त्यात आपल्याकडे भाषेची अडचण भर घालते. शोधचौकटीत पहिली दोन-तीन अक्षरे टंकली तरी चालतात, हे मान्य. पण ती अक्षरे कोणती? कॅल्क्युलेटर 'क'ने सुरू होतो असे कान सांगतो, म्हणून मूल 'के' दाबते. प्रोग्राम 'सी'खाली असतो. फोटो 'एफ'खाली शोधावा तर तो 'पी'खाली बसलेला. ज्या मुलाची घरची भाषा माडिया, शाळेची मराठी आणि इंग्रजी तिसरी, त्याला आपण इंग्रजी स्पेलिंगच्या लहरीपणाच्या दारातून आत यायला सांगतो. वर्णानुक्रमाच्या यादीची तीच गत. जुन्या मेनूतले शब्दही इंग्रजीच होते, हे खरे. पण तेथे ते लिहायचे नव्हते, समोर दिसलेले ओळखायचे होते. आणि 'अ‍ॅक्सेसरीज' म्हणजे काय हे कळले नाही तरी 'वरून दुसरे, मग उजवीकडे' एवढ्यावर काम भागत होते. जागा ही सुद्धा एक भाषाच आहे आणि ती सर्व मुलांना सारखीच येते.

वर्गात करून पाहा

हे माझ्या शब्दावर मानण्याचे कारण नाही. एका तासिकेत बसणारा प्रयोग सांगतो. फळ्यावर परिसरातील २० वस्तूंची नावे लिहा आणि दोन मिनिटांनी पुसून टाका. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या गटाने कोऱ्या कागदावर आठवतील तेवढी नावे लिहायची. दुसऱ्या गटाला ४० नावांचा कागद द्यायचा. त्यात फळ्यावरची २० आणि नवी २० मिसळलेली. त्यांनी पाहिलेल्या नावांवर खूण करायची. खुणा अंदाजपंचे होऊ नयेत म्हणून प्रत्येक चुकीच्या खुणेला एक गुण वजा करा. दोन्ही गटांची सरासरी काढा.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग इंग्रजी नावांवर करा आणि स्पेलिंग चुकले तर गुण देऊ नका, कारण संगणकही फारशी सवलत देत नाही. दोन गटांतले अंतर पहिल्या दिवसापेक्षा वाढते की घटते, ते पाहा. मुलांनाच आलेख काढू द्या. मेनू आणि शोधचौकट यांतील निवडीबद्दल तुमच्या शाळेपुरता निर्णय घ्यायला हा आलेख कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.

नमुना कोणाचा घेतला?

मेनू काढून टाकताना मायक्रोसॉफ्टने एक शास्त्रीय वाटणारे कारण दिले होते. विंडोज ८ च्या तयारीच्या काळात, २०११ साली, कंपनीने सांगितले की संगणकांकडून आपोआप मिळणाऱ्या वापराच्या नोंदींनुसार लोक स्टार्ट मेनू पूर्वीपेक्षा कमी उघडतात; नेहमीचे प्रोग्राम ते पडद्याच्या तळपट्टीवरच डकवून ठेवतात.

आकडे खरे असतील. आक्षेप निष्कर्षावर आहे. पहिला आक्षेप नमुन्याचा. या नोंदी ज्यांनी तशी संमती दिली आणि ज्यांचा संगणक इंटरनेटला जोडलेला होता त्यांच्याच मिळणार. ज्या शाळेत जोडणी नव्हती, तिचे संगणक या पाहणीत 'नाहीत'च. नदीच्या काठाकाठाने चालत जाऊन जंगलात किती झाडे आहेत ते मोजण्यासारखा हा प्रकार झाला. काठावरची मोजणी अचूक असली तरी ती जंगलाची मोजणी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. एखादी गोष्ट कमी वेळा वापरली जाते म्हणून ती कमी महत्त्वाची, हे गृहीतकच चुकीचे आहे. शब्दकोश आपण रोज उघडत नाही. फ्लोरातील किल्ली अनुभवी वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षातून मोजक्या वेळाच उघडतो, कारण नेहमीची झाडे त्याला तोंडपाठ असतात. पण अनोळखी पान हाती आले की तिच्यावाचून गत्यंतर नसते. आणि नवशिक्याला तर प्रत्येक पान अनोळखीच असते. वारंवारिता मोजणाऱ्याने गरज मोजली असे होत नाही. विज्ञानशिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे. आकडे असणे आणि त्या आकड्यांनी प्रश्नाचे उत्तर देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जुन्या मेनूचे दोष

एवढे म्हटल्यावर जुन्या मेनूची आरती ओवाळायची असे मात्र नाही. त्याचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत.

पहिला दोष हाताचा. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवले की, एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेऊन नेमका टेकवायला लागणारा वेळ लक्ष्याच्या अंतराबरोबर वाढतो आणि त्याच्या रुंदीबरोबर घटतो. म्हणूनच पडद्याच्या अगदी कोपऱ्यातले बटण सोपे. तेथे माऊस कितीही जोराने ढकलला तरी तो पुढे जात नाही. या हिशेबाने कोपऱ्यातून बटण मध्यभागी नेणे हे पाऊल मागेच पडले. पण याच विचाराची पुढची पायरी जुन्या मेनूच्या विरोधात जाते. १९९७ साली अ‍ॅको आणि झाय या संशोधकांनी अरुंद बोगद्यातून टोक सरकवत नेण्याचा नियम मांडला : बोगदा जितका लांब आणि जितका अरुंद, तितका वेळ अधिक. एकातून एक उघडणारा मेनू हा असा बोगदाच आहे. ओळीवरून माऊस जरा खाली घसरला की सगळी फांदी मिटते आणि मुलाला पुन्हा खोडापासून सुरुवात करावी लागते. मळलेला, अडखळणारा माऊस असलेल्या शाळेत हे रोजचेच.

दुसरा दोष वर्गीकरणाचा. मुळातली कल्पना उपयोगानुसार गट करण्याची होती. पण बाहेरून घेतलेले प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या कंपनीच्या नावाने स्वतंत्र फांदी उघडू लागले. झाडे पानांवरून लावण्याऐवजी ती कोणत्या रोपवाटिकेतून आली यावरून लावावीत, तसे हे झाले. वर्षभरात मेनूचे रान माजे. 'बंद करा' ही आज्ञा 'सुरू करा' या बटणाखाली ठेवण्याचा विनोद तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

तिसरी गोष्ट दोष नव्हे, पण विसरता कामा नये अशी आहे. आज पाचवीत असलेल्या मुलाने विंडोज एक्सपी पाहिलेली नाही. त्याच्या हाती पहिल्यांदा आला तो मोबाईल, चित्रांच्या जाळीचा. आपण ज्याला 'नेहमीचा' मेनू म्हणतो तो त्याला नवाच आहे. तेव्हा 'आमच्या वेळी असे होते' हे जुना मेनू परत आणण्याचे कारण होऊ शकत नाही. कारण एकच टिकते : नाव माहीत नसताना वस्तूपर्यंत पोहोचवण्याची सोय त्यात होती.

साग कुळ बदलतो तेव्हा

बदल नकोच, असे विज्ञान कधी म्हणत नाही. आलापल्लीचा साग घ्या. आमच्या पिढीने पुस्तकात वाचले ते असे की साग व्हर्बेनेसी कुळातला, म्हणजे घाणेरीच्या कुळातला. १९९० च्या दशकापासून नव्या पुराव्यांच्या आधारे त्याला लॅमिएसी म्हणजे तुळशीच्या कुळात नेण्यात आले. खैर आणि बाभूळ दोघेही पूर्वी अकेशिया होते. २००५ साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील प्रजातींसाठी राखून ठेवण्याचा निर्णय झाला, २०११ साली मेलबर्न येथे तो कायम झाला. आज बाभूळ व्हॅचेलिया आहे आणि खैर सेनेगालिया.

एवढी उलथापालथ होऊनही वनस्पतिशास्त्रज्ञ हरवून का गेले नाहीत? कारण या शास्त्राने एक शिस्त पाळली आहे. नवे नाव दिले की जुने नाव पर्यायी नाव म्हणून त्याच्याखाली नोंदले जाते. जुन्या नावाने शोधणारा नव्या पानावर पोहोचतो. भारतातील बहुतेक हर्बेरियांत वाळवलेले नमुने आजही बेंथम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ या काळातील पद्धतीनेच लावलेले आढळतात. ती पद्धत आजच्या उत्क्रांतीच्या ज्ञानाशी पूर्ण जुळत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण कपाटात नमुना सापडणे हे वेगळे काम आहे आणि त्यासाठी ती उत्तम चालते. नवे ज्ञान आणि जुना पत्ता, दोन्ही एकत्र नांदतात.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या निर्मात्यांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मेनू बदलला, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती जुना पत्ता पुसून टाकल्याची. २००१ आणि २००७ साली जो पर्याय ठेवणे शक्य होते, तो २००९ नंतर अशक्य झाला असे मानायला तांत्रिक आधार नाही. बाहेरच्या एका प्रोग्रामरने मोफत सॉफ्टवेअर लिहून तो देता येतो हे त्याच वर्षी दाखवूनही दिले. लक्षावधी लोकांनी कष्टाने कमावलेली हाताची स्मृती ही सुद्धा संपत्ती आहे. तिचा हिशेब कोणाच्याही ताळेबंदात नव्हता, म्हणून ती सहज खर्ची पडली.

शाळेने काय करावे?

आता व्यवहाराकडे वळू. क्लासिक शेलचे काम त्याच्या कर्त्याने २०१७ अखेर थांबवले, परंतु प्रोग्राम सर्वांसाठी खुला करून दिला. 'ओपन-शेल' या नावाने स्वयंसेवकांनी तो पुढे चालू ठेवला. विंडोज ७ पासून ११ पर्यंत तो बसवता येतो आणि जुन्या पद्धतीचा फांद्यांचा मेनू मिळतो. मात्र सावधगिरी हवी. ऑगस्ट २०१६ मध्ये क्लासिक शेल जेथून उतरवून घेतले जाई त्या ठिकाणी घुसखोरी झाली होती. मूळ फाइलच्या जागी संगणकाची सुरुवातीची नोंदच पुसणारी फाइल ठेवली गेली आणि काहींचे संगणक सुरू होईनासे झाले. तेव्हा असे सॉफ्टवेअर मूळ प्रकल्पाच्या ठिकाणाहूनच घ्यावे. पेन ड्राइव्हवरून हातोहात आलेली प्रत वापरू नये. आधी एकाच संगणकावर महिनाभर वापरून पाहावे, कारण विंडोजच्या मोठ्या सुधारणेनंतर अशी जोडसॉफ्टवेअर कधी कधी बिघडतात.

ज्यांचे संगणक जुने आहेत त्यांनी लिनक्स मिंटचा विचार करावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. माते किंवा सिनॅमनवर डाव्या कोपऱ्यातला गटवार मेनू मुळातच मिळतो. केरळ राज्याने तर आपल्या शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्तीच तयार करून घेतली आहे. मांडणी कोणी ठरवायची, या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे.

परंतु काहीही नवे न बसवता करता येण्याजोगी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. स्टार्ट मेनू ही काही जादू नाही. आतून तो फोल्डरांचे झाडच असतो आणि त्याच्या पानांवर प्रोग्रामांचे शॉर्टकट लटकलेले असतात. असे झाड आपणही लावू शकतो. डेस्कटॉपवर 'शाळा' नावाचा फोल्डर करावा. त्यात 'चित्रे काढणे', 'लिहिणे', 'मोजणे', 'आकाश पाहणे', 'आवाज आणि फोटो' असे फोल्डर करून योग्य त्या प्रोग्रामचे शॉर्टकट त्यांत ठेवावेत. नावे देवनागरीत देता येतात. शॉर्टकटचे नाव बदलले म्हणून प्रोग्राम बिघडत नाही. विंडोज १० पर्यंत असा फोल्डर तळपट्टीला जोडून त्याचा उघडता मेनू करता येई. ११ मध्ये ती सोय काढून टाकली आहे, पण डेस्कटॉपवरचा फोल्डर चालतोच. मग हाच फोल्डर खोलीतल्या प्रत्येक संगणकावर, त्याचे वय काहीही असो, त्याच जागी, त्याच नावांनी तयार करावा. त्यातले शॉर्टकट त्या त्या यंत्रावरच बनवावे लागतात, नुसती प्रत करून भागत नाही. पण एका दुपारचे काम आहे. त्यानंतर फळ्यावरचा क्रम तिन्ही पिढ्यांच्या संगणकांवर सारखाच चालेल.

गट मात्र मुलांकडून पाडून घ्यावेत. पेंट कोणत्या फांदीवर लावायचे? कॅल्क्युलेटर 'मोजणे'मध्ये की 'गणित'मध्ये? मोबाईलवर पाहिलेला नकाशा कुठे? माडिया बोलणाऱ्या मुलांनी एखाद्या गटाला आपला शब्द सुचवला तर तो देवनागरीत लिहून लावावा. ही चर्चा म्हणजे वर्गीकरणाचाच पाठ आहे. पाने, बिया आणि दगड यांचे गट पाडताना जे प्रश्न येतात तेच येथेही येतात : निकष कोणता, एक वस्तू दोन गटांत बसली तर काय, आणि कुठेच न बसणाऱ्या वस्तूचे काय करायचे.

नव्या यंत्रावर जुना मेनू बसवणे ही चांगली दुरुस्ती आहे आणि ज्याला गरज असेल त्याने ती निःसंकोच करावी. परंतु शाळेला परत मिळवायचा आहे तो १९९५ चा मेनू नव्हे, तर वाट कशी काढायची हे ठरवण्याचा हक्क. किल्ली दुसऱ्याने करून दिली की तो ती कधीही बदलू शकतो. स्वतः केलेल्या किल्लीने कुलूप का उघडते, हे मात्र आपल्याला ठाऊक असते.